वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे: घरचा कचरा आणि घंटागाडी

मागील अंकात आम्ही घरोघरच्या कचरा संकलनाविषयी प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांत गृहिणी आहेत, नगरसेवक आहेत, ग्रामपंचायत सदस्य आहेत आणि घंटागाडीवर काम करणाऱ्या एका कामगाराची मुलगीही आहे. पुष्कळ पत्रांत स्थानिक संस्थांविषयी तक्रारी असल्याने गावांची आणि पत्रलेखकांची नावे आम्ही वगळली आहेत. आमचे एक मत पुढील बहुतेक उत्तरांत दिसेल, म्हणून ते आधीच मांडतो. गाडी ठरलेल्या वेळी येणे आणि घराने वेगळा दिलेला कचरा शेवटपर्यंत वेगळा राहणे, या दोन गोष्टी स्थानिक संस्थेने पाळल्याशिवाय नागरिकांना जनजागृतीचे धडे देण्याचा तिला फारसा अधिकार उरत नाही.

प्रश्न : मी बऱ्याच दिवसांपासून ओला आणि सुका कचरा दोन डब्यांत ठेवते. घंटागाडी आली की कामगार दोन्ही डबे एकाच कप्प्यात ओततो आणि विचारले तर “पुढे सगळा एकच होतो” असे सांगतो. मग मी घरी वेगळा करायचा कशासाठी? (गृहिणी, जळगाव जिल्हा)

ताई, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. गाडी आली की एकदा तिच्या मागच्या बाजूला जाऊन पाहा. मधला पत्रा जागेवर आहे का, असल्यास तो पूर्ण उंचीचा आहे का आणि दोन्ही कप्पे केवढे आहेत, हे पाहा. पुष्कळ गाड्यांत दोन्ही कप्पे सारखे केलेले असतात आणि अडचण तिथेच सुरू होते. भाजीपाल्याची देठे, केळीच्या साली, उरलेले अन्न हा कचरा जड असतो आणि दबून बसतो. दुधाच्या पिशव्या, खोके, वेष्टने हा कचरा हलका असतो, पण जागा फार घेतो. त्यामुळे सुक्याचा कप्पा निम्म्या गल्ल्यांतच भरून जातो, ओल्याचा अर्धा रिकामा राहतो आणि कामगार जिथे जागा दिसेल तिथे डबा ओततो.

दुसरे कारण कराराच्या कागदात असते. ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील, तर वेगळा कचरा आणल्याबद्दल त्याला काहीच मिळत नाही. उलट वजन वाढवणारी प्रत्येक वस्तू त्याच्या फायद्याची ठरते, मग ती गटारातून काढलेला गाळ असो किंवा बांधकामाचा मलबा असो. वजनकाट्यावर नोंदला जातो तो फक्त आकडा, कचऱ्याचा प्रकार तिथे कोणी पाहत नाही. तिसरे कारण कामगार सांगतो तेच असू शकते : प्रक्रियेच्या जागेवर ओला आणि सुका कचरा उतरवायला दोन वेगळ्या जागाच नसतील, तर पुढे तो खरोखरच एक होतो.

कायद्याची बाजू मात्र पूर्णपणे आपल्या बाजूची आहे. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून २००० सालचे नागरी घनकचरा नियम आले. त्यांची जागा ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आणि ओला, सुका व घरगुती घातक असे तीन प्रकार घरातच वेगळे करणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत सॅनिटरी कचरा हा स्वतंत्र प्रकार धरून हे प्रकार चार झाले आहेत. वेगळा करून देणे हे जसे घराचे कर्तव्य आहे, तसेच तो वेगळाच उचलणे आणि वेगळाच वाहून नेणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे.

आपण गल्लीतील चार-पाच घरे मिळून मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि गाडीचा क्रमांक, वार व वेळ लिहून फोटो जोडा. माहिती अधिकार कायद्याखाली संकलनाच्या कराराची प्रत मागा, त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. करारात तीन कलमे शोधा : मोबदला कशावर ठरतो, गाडीत किती कप्पे असावेत असे लिहिले आहे आणि मिश्र कचरा आणल्यास किती कपात होते. तिसरे कलम असूनही एकदाही कपात झालेली नसेल, तर प्रभागाच्या बैठकीत विचारण्यासारखा प्रश्न आपल्या हाती आला असे समजा.

तोवर सुका कचरा रोज देऊच नका. दुधाच्या पिशव्या विसळून वाळवल्या, तर सुका कचरा पंधरा दिवस घरात राहिला तरी वास येत नाही. तो साठवून भंगारवाल्याला किंवा ओळखीच्या कचरावेचक बाईंना द्या. घंटागाडीत फक्त ओला कचरा जाईल आणि आपण केलेले वर्गीकरण वाया जाणार नाही. एक विनंती आमचीही आहे. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देऊ नका. कामगाराला एका घरासाठी वीस-पंचवीस सेकंद मिळतात. तेवढ्यात गाठ सोडून, आतली भाजी एका बाजूला आणि पिशवी दुसऱ्या बाजूला टाकणे त्याला शक्य नसते, म्हणून तो पिशवीसकट ओततो. उघडा डबा दिला तर ही अडचणच येत नाही.

प्रश्न : आमच्या शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. नव्या निविदेत किती घंटागाड्या मागाव्यात यावर सभागृहात वाद आहे. कोणी आठ म्हणतात, कोणी वीस. हिशेब कसा करावा? (नगरसेवक, धुळे जिल्हा)

हा प्रश्न सभागृहात येतो आहे याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते, कारण बऱ्याच ठिकाणी शेजारच्या शहराची निविदा समोर ठेवून आकडे बदलले जातात आणि तेवढ्यावर पाच वर्षांची व्यवस्था ठरते.

पहिली पायरी मोजमापाची आहे. लहान शहरांसाठी माणशी दररोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरण्याची पद्धत आहे. मध्यावरचा २५० ग्रॅमचा आकडा घेतला, तर आपल्या शहराचा रोजचा कचरा साडेबारा टन होतो. हा आकडा सुरुवातीला पुरेसा आहे, पण निविदेत घालण्यापूर्वी तो आपल्या गावात पडताळून घ्या. जुने गाव, नवी कॉलनी, झोपडपट्टी आणि बाजारपेठ अशा चार भागांतून तीस-चाळीस घरे व दुकाने निवडा आणि सलग सात दिवस त्यांचा ओला व सुका कचरा वेगळा तोला. आठवड्याचा बाजार त्या सात दिवसांत आलाच पाहिजे. शक्य असेल तर हेच मोजमाप आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा करा. आखाजीला आंब्याच्या कोयी आणि साली घराघरांतून निघतात, तर दिवाळीत सफाईमुळे कागद, कापड आणि मोडके सामान एकदम बाहेर पडते. खान्देशात मार्च-एप्रिलमध्ये कूलरच्या गवताच्या जुन्या ताट्याही कचऱ्यात येतात. त्या वजनाने किरकोळ, पण दहा घरांच्या ताट्यांनी गाडीचा सुका कप्पा भरतो.

दुसरी पायरी वेळेची आहे आणि हीच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. पन्नास हजार माणसे म्हणजे सुमारे अकरा हजार घरे. एका घरासमोर सरासरी वीस सेकंद धरले, तरी ८०० घरांना जवळपास साडेचार तास लागतात. प्रक्रिया केंद्र गावाबाहेर सात-आठ किलोमीटरवर असेल, तर एका फेरीचे जाणे, वजन करणे, दोन बाजूंना उतरवणे आणि परत येणे यांत तासभर सहज जातो. ८०० घरांचा कचरा साधारण ९०० किलो होतो. त्यातला पाचएकशे किलो ओला कचरा एका घनमीटरमध्ये मावतो, पण तीनशे किलो सुक्याला तीन घनमीटरपर्यंत जागा लागू शकते. लहान टिपरच्या डब्यात हे एका फेरीत बसत नाही. दोन फेऱ्यांचे दोन तास मिळवले, की साडेसहा तास होतात. पाळी आठ तासांची. चहा, पंक्चर, वाटेत लागलेला लग्नाचा मांडव आणि गाडी धुणे यांसाठी उरलेला वेळ हवाच. म्हणून एका गाडीला ७०० ते ८०० घरे हीच मर्यादा धरा. अकरा हजार घरांना पंधरा गाड्या आणि दुरुस्तीच्या दिवसांसाठी दोन जादा, अशा सतरा गाड्या होतात. आठ गाड्यांची निविदा काढणे म्हणजे निम्म्या शहरात एक दिवसाआड गाडी जाईल असे आजच ठरवणे होय. तसेच ठरवायचे असेल, तर ते निदान उघडपणे आणि वार जाहीर करून ठरवा.

जुन्या गावातल्या ज्या बोळांत टिपर शिरत नाही, तिथे ढकलगाडी किंवा तीनचाकी सायकल लागेल. दीडशे ते दोनशे घरांमागे एक, असा तिचा हिशेब ठेवा. ही घरे टिपरच्या हिशेबातून वजा होतील. बाजारपेठेसाठी रात्री नऊनंतरची स्वतंत्र फेरी हवी, कारण दुकानदार सकाळी दहाला येतो आणि कचरा रात्री दुकान बंद करताना काढतो. घरांसाठी आखलेल्या सकाळच्या गाडीने बाजारपेठ उरकण्याचा प्रयत्न आम्ही कुठेही यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

तिसरी गोष्ट आपल्या भागातली आहे आणि ती कोणत्याही छापील मार्गदर्शिकेत सापडणार नाही. खान्देशातील अनेक शहरांत उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी नळ येतो, त्या दीड-दोन तासांत घरातली बाई मोटार, पिंप आणि हंडे सोडून डबा घेऊन बाहेर येऊ शकत नाही. पाणीपुरवठा विभागाचे झोनचे वेळापत्रक आणि घंटागाडीचे मार्ग एकाच नकाशावर ठेवा आणि नळाच्या दिवशी त्या भागात गाडी आधी किंवा नंतर जाईल असे आखा. याला एक पैसाही खर्च नाही, दोन विभागांच्या लोकांनी एका टेबलाशी बसणे मात्र लागते. नोकरदारांच्या कॉलन्यांत, विशेषतः रेल्वे आणि कारखान्यांच्या पाळ्या असलेल्या वस्त्यांत, गाडी साडेआठच्या आत पोहोचली नाही तर निम्म्या दारांना कुलूप असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा काम सहाला सुरू करून अकराच्या आत संपवावे लागेल आणि म्हणून उन्हाळी वेळापत्रक करारातच वेगळे लिहून ठेवावे.

मोबदल्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. घरोघरच्या संकलनाचे पैसे टनावर देऊ नयेत. रोज सेवा मिळालेल्या घरांची संख्या हा पाया धरावा, ती घरावर लावलेल्या क्यूआर कोडवरून किंवा मुकादमाच्या नोंदवहीवरून तपासावी आणि प्रक्रिया केंद्रावर वेगळा उतरलेल्या कचऱ्याच्या प्रमाणात त्यात वाढ किंवा कपात करावी. क्यूआर कोड लावला म्हणून सेवा मिळाली असे मात्र धरू नये. कोडचे स्टिकर्स एका वहीत चिकटवून एकाच जागी बसून स्कॅन करता येतात, म्हणून गाडीच्या जीपीएस नोंदीशी त्याचा मेळ घालणारा एक माणूस पालिकेचाच असला पाहिजे.

प्रश्न : आमच्या चौकातील कचराकुंडी पालिकेने उचलून नेली. आता लोक त्याच जागी जमिनीवर कचरा टाकतात आणि कुत्री, डुकरे तो पसरवतात. कुंडी परत मागावी का? (निवृत्त शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

सर, कुंडी हटवण्याचे धोरण आम्हाला पटते, पण ते सर्वांत शेवटी करायचे काम आहे. आधी प्रत्येक घराला आणि दुकानाला रोजची सेवा मिळाली पाहिजे, त्यानंतर महिनाभर ती टिकली पाहिजे आणि मगच कुंडी उचलावी. उलट क्रमाने केले, की आपल्या चौकात झाले तेच होते.

कुंडी परत मागण्याआधी एक करा. पहाटे पाच ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा या वेळेत तिथे कचरा कोण टाकते, हे दोन-तीन दिवस नुसते पाहा. भांडू नका, फक्त नोंद ठेवा. बहुतेक ठिकाणी टाकणारे मोजकेच असतात : गाडी येण्यापूर्वी कामाला निघणारी जोडपी, रात्री गाडा बंद करणारे खाद्यपदार्थ विक्रेते, जवळच्या इमारतीतील भाडेकरू मुले आणि गल्लीत गाडी पोहोचतच नाही अशी काही घरे. यांतल्या प्रत्येकाची अडचण वेगळी आहे, पण ती वेळ बदलून किंवा मार्ग थोडा वाढवून सुटण्यासारखी आहे. पालिकेला ही यादी दिली तर तिला काम करणे सोपे जाईल. जागा स्वच्छ करून तिथे रांगोळी काढणे, फुलझाडांच्या कुंड्या ठेवणे, फलक लावणे हे उपाय या यादीनंतर उपयोगी पडतात. आधी केले तर आठवड्याभरात फलकाखालीच ढीग दिसू लागतो.

प्रश्न : आमचे गाव यावल-रावेर पट्ट्यात असून लोकसंख्या सुमारे चार हजार आहे. ग्रामपंचायतीला कचरा संकलन सुरू करायचे आहे. पैसे किती मिळतात आणि सुरुवात कुठून करावी? (ग्रामपंचायत सदस्य)

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२०-२१ पासून, पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये असा निकष ठेवला गेला. चार हजार वस्तीला त्यातून २ लाख ४० हजार रुपये होतात. १५ व्या वित्त आयोगानेही २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखीव, ठेवला आणि त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी होता. तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद हीदेखील याच मिशनमधली आहे. आपल्या तालुक्याचे केंद्र कुठे उभे आहे आणि ते चालू आहे का, हे पंचायत समितीत जाऊन आधी पाहून या.

या रकमांतून वाहन आणि खड्डे होतात. रोजचा पगार होत नाही आणि बहुतेक गावांची गाडी इथेच थांबते. सुरुवातीचे सहा महिने ती धावते, मग बॅटरी बदलायची वेळ येते किंवा चालकाचे मानधन थकते आणि ती ग्रामपंचायतीच्या आवारात उभी राहते. म्हणून वाहन खरेदीचा ठराव आणि चालवण्याच्या खर्चाचा ठराव एकाच ग्रामसभेत घ्या. घरामागे महिन्याला किती शुल्क, ते कोण वसूल करणार आणि दोन माणसांचे मानधन कोणत्या खात्यातून जाणार, हे त्या दिवशी ठरत नसेल तर वाहन घेऊ नका. तीनचाकी सायकलींनी सुरुवात करा. चार हजार वस्तीला साधारण नऊशे घरे धरली, तर पाच सायकलींत काम भागते.

खेड्यात ओला कचरा शहराएवढा निघत नाही, कारण शिळी भाकरी आणि भाजीची देठे गुरांना जातात. राहिलेल्यासाठी नाडेप टाके उत्तम. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली ही पद्धत आपल्या भागातील जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. भोके ठेवून बांधलेले विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाके, त्यात पालापाचोळा, ९० ते १०० किलो शेणाचा काला, चाळलेली माती यांचे थर आणि वरून लिंपण. साधारण चार महिन्यांत खत तयार होते. आपल्याकडे केळीची पाने आणि खांबाचे तुकडे मुबलक मिळतात, पण खांबात पाणी फार असते, म्हणून ते चिरून आठवडाभर सुकवल्याशिवाय टाक्यात भरू नका. गावात घरटी उकिरडा असेल तर तो बंद करण्याच्या मागे लागू नका. त्यात प्लास्टिक जाणार नाही एवढे सांभाळले, तरी ग्रामपंचायतीचे अर्धे ओझे उतरते.

आपल्या पट्ट्याचा खरा प्रश्न शेतातून गावात येणाऱ्या प्लास्टिकचा आहे. केळीच्या घडावर घालायच्या स्कर्टिंग बॅगा, मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरायचे प्लास्टिक), ठिबकच्या जुन्या नळ्या आणि औषधांच्या बाटल्या यांचे ढीग बांधावर आणि गावाच्या वेशीवर दिसतात. ठिबकच्या नळ्या भंगारवाला घेतो. मल्चिंग पेपरला माती चिकटलेली असल्याने तो कोणी घेत नाही आणि मग तो पेटवला जातो. ग्रामपंचायतीने हंगाम संपल्यावर दोन ठरावीक दिवशी फक्त शेतीचे प्लास्टिक स्वीकारावे, शेतकऱ्याने ते झटकून, गुंडाळून आणावे आणि तालुक्याच्या केंद्राकडे ते एकत्र पाठवावे. कीटकनाशकांच्या बाटल्या मात्र घरच्या कचऱ्यात अजिबात घेऊ नका. त्या शेतातच तीन वेळा धुऊन ते पाणी फवारणीच्या पंपात ओतावे आणि बाटली भोसकून निकामी करून वेगळी साठवावी. सायकलवर काम करणारी बाई उघड्या हातांनी त्या बाटल्या उचलते, हे आम्ही पाहिले आहे आणि ते तातडीने थांबले पाहिजे.

प्रश्न : घरीच खत करण्याचा प्रयत्न करतो, पण उन्हाळ्यात डब्यातील सगळे वाळून कोरडे होते आणि गांडुळे मरतात. काय करावे? (भुसावळ परिसर)

गांडुळांना साधारण ३५ अंशांपुढचे तापमान सोसत नाही, म्हणून आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये त्यांच्या भरवशावर राहू नका. या काळात साधे जिवाणूंचे खत करा. चार-पाच माणसांच्या घराचा ओला कचरा रोज अर्धा ते पाऊण किलो निघतो. त्यासाठी भोके पाडलेले दोन माठ किंवा दोन डबे घ्या. एक महिनाभर भरा आणि तो मुरत असताना दुसरा भरा. डबे गच्चीवर ठेवू नका. जिन्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीला, सावलीत ठेवा. वरून ओले गोणपाट टाका.

ओल ओळखायची खूण सोपी आहे. मिश्रण मुठीत दाबले की हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये. पाण्याची टंचाई असली तर तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणी शिंपडा, वेगळे पाणी घालायची गरज पडत नाही. प्रत्येक वेळी ओल्या कचऱ्यावर कडुनिंबाचा किंवा कोणताही वाळला पाला पसरा, म्हणजे वास येत नाही आणि माशा होत नाहीत. केळीच्या साली कापून टाका, अख्ख्या टाकल्या तर त्यांचा लगदा होतो. आंब्याच्या कोयी वर्षभरातही कुजत नाहीत, त्या बाजूला काढा. पावसाळा सुरू झाला आणि हवा निवली की गांडुळे परत सोडा.

प्रश्न : सकाळी झाडलोट झाल्यावर पालापाचोळा आणि प्लास्टिक एकत्र पेटवले जाते. हे चालते का? (धुळे)

चालत नाही. उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात साध्या जाळण्यासाठी ५ हजार व मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. सफाई कामगार पेटवत असेल, तर त्याला बोलण्याआधी पाला वाहून नेण्याची सोय त्याला दिली आहे का, हे मुकादमाला विचारा. फेब्रुवारी ते एप्रिल ही पानगळ नक्की येणारी असते, तिच्यासाठी प्रभागात एक खड्डा किंवा जाळीचा पिंजरा आधीच करून ठेवता येतो.

प्रश्न : डायपर, सॅनिटरी पॅड, इन्सुलिनच्या सुया आणि फुटलेल्या ट्यूबलाइट कोणत्या डब्यात टाकाव्यात? (चाळीसगाव)

डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची पद्धत रुजवली. ती आपणही उचलावी, कारण ठिपका दिसला की पुडी उघडून पाहण्याची वेळ कामगारावर येत नाही. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवा. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणून त्या फोडू नका. फुटलीच तर खिडक्या उघडून, हात न लावता जाड कागदाने तुकडे गोळा करून बंद डब्यात ठेवा. सुया भरलेल्या बाटल्या, ट्यूब, जुन्या औषधांच्या पट्ट्या आणि बॅटऱ्या हा सगळा घरगुती घातक कचरा आहे. तो रोज निघत नाही, तेव्हा महिन्यातून एका ठरलेल्या वारी त्यासाठी वेगळी फेरी मागा.

प्रश्न : माझे वडील ठेकेदाराकडे घंटागाडीवर आहेत. हातमोजे वर्षातून एकदा मिळतात, रविवारी सुट्टी नाही आणि भविष्य निर्वाह निधी कापतात पण पावती देत नाहीत. कुणाकडे दाद मागावी? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

आपल्या पत्राला या अंकात जागा द्यावी, असे आम्हा सर्वांचे मत पडले. गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क हे साहित्य कामगाराला मिळते की नाही आणि तो ते वापरतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनीच स्थानिक संस्थेवर टाकली होती. कामगार ठेकेदाराचा असला तरी ही जबाबदारी टळत नाही. ओल्या कचऱ्यात हाताळलेले हातमोजे महिना-दीड महिन्यापुढे टिकत नाहीत, म्हणून वर्षातून एक जोड देणे म्हणजे न देण्यासारखेच आहे. साप्ताहिक सुट्टी हा कायद्याने मिळणारा हक्क आहे. गाडी रविवारीही धावायची असेल, तर ठेकेदाराने पाळ्या लावाव्यात आणि बदली माणसे ठेवावीत. तो खर्च निविदेतच धरलेला असायला हवा. वर नगरसेवकांना दिलेल्या हिशेबात हाच एक मुद्दा राहिला होता, तो त्यांनीही जोडून घ्यावा : पंधरा गाड्या आठवडाभर चालवायच्या असतील, तर पंधरा चालक आणि पंधरा मदतनीस पुरत नाहीत, सहा-सात माणसे जादा लागतात.

निधीचे तपासणे सोपे आहे. वडिलांचा यूएएन (निधी खात्याचा कायम) क्रमांक ठेकेदाराच्या कार्यालयातून घ्या आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर पासबुक उघडा. कोणत्या महिन्यात किती रक्कम भरली, ते तिथे दिसते. कापलेली रक्कम भरलेली नसेल, तर पगाराची चिठ्ठी किंवा बँक खात्यातील नोंद जोडून निधी संघटनेकडे तक्रार करा आणि त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या. मूळ मालक म्हणून स्थानिक संस्थेने ठेकेदाराचे पुढचे देयक मंजूर करण्यापूर्वी निधी भरल्याचे चलन पाहणे अपेक्षित आहे. तक्रार एकट्या वडिलांच्या नावाने न करता गाडीवरच्या सर्व कामगारांच्या सह्यांनी करावी, म्हणजे कुणा एकाला कामावरून कमी करणे ठेकेदाराला सोपे जाणार नाही. अर्जाचा मसुदा हवा असल्यास आमच्या पत्त्यावर कळवा, आम्ही तो पाठवू.